स्नोमध्ये जिओकॅशिंग: एप्रिलपर्यंत थांबायचं का?

गोदाकाठ (शनिवार, रात्री)

नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टमध्ये नाशिकहून अमेरिकेत, मिनेसोटात आलो. सेंट पॉलच्या दक्षिणेला ईगन म्हणून गाव आहे, तिथे राहतो. लेक नऊ वर्षांची. शाळा सुरू झाली तरी पहिले काही आठवडे तिला कुणी मैत्रीण नव्हती, घरी आली की खिडकीपाशी बसून असायची. तेव्हा ऑफिसातल्या एकाने जिओकॅशिंगचं, म्हणजे लपवलेले डबे फोनवरच्या नकाशाने शोधायच्या खेळाचं, ॲप दाखवलं. पहिला डबा आम्हाला लेबनन हिल्सच्या बाजूला एका आडव्या पडलेल्या ओकच्या पोकळीत सापडला. आत रंग उडालेला प्लॅस्टिकचा बेडूक, दोन नाणी आणि छोटी नोंदवही. लेकीने स्वतःचं नाव देवनागरीत लिहिलं, खाली तारीख घातली, आणि घरी येईपर्यंत गाडीत तिची बडबड थांबली नाही. तेव्हापासून आमचा शनिवार ठरून गेला. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेर, ४१ डबे झाले. तिने भिंतीवर कागद चिकटवून पाच-पाचच्या रेघा ओढून ठेवल्या आहेत.

आता इथे मांडीपर्यंत स्नो आहे आणि गेल्या तीन शनिवारी आम्ही हात हलवत परत आलो.

पहिल्यांदा गेलो तो डबा रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याला लोहचुंबकाने चिकटवलेला होता. जाऊन बघतो तर नांगराच्या गाडीने लोटलेल्या स्नोच्या ढिगाखाली कठडाच गायब. दुसऱ्यांदा एका पार्कात स्प्रूसच्या झाडांत तास-सव्वा तास उकरत बसलो. ॲपवरचा बाण कधी म्हणे तीन मीटर, कधी म्हणे नऊ. तिसऱ्यांदा तर गाडीतून उतरून वीस मिनिटं झाली नसतील, ४० टक्के चार्ज असलेला फोन एकदम बंद पडला. आलेल्या पावलांवरून परत गाडीशी पोचलो, म्हणून ठीक.

लेक त्या दिवशी रडली नाही, चिडलीही नाही. घरी आली, भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, “बाबा, एप्रिलमध्ये बघू.” मला तिच्या रडण्यापेक्षा हे जास्त लागलं.

तर इथे थंड प्रदेशात राहून हे करणारं कुणी असेल तर सांगा. खरोखरच एप्रिलपर्यंत थांबायचं असतं का? की आमचंच काही चुकतंय? फावडं विकत घ्यावं का? फोनचं काय करावं? आणि लहान मूल सोबत असताना किती थंडीत बाहेर पडावं?

अजिंक्यतारा_पायथा (रविवार, सकाळी)

मी साताऱ्यात राहतो, त्यामुळे स्नोबद्दल काही सांगू शकत नाही. पण हे डबे ठेवतं कोण? आणि कशासाठी? कुणीतरी समजावून सांगा, कारण वाचून उत्सुकता लागली आहे.

गोदाकाठ (रविवार, सकाळी)

आपल्यासारखेच लोक ठेवतात. डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकायचे, आणि बाकीच्यांनी जीपीएसच्या आधाराने तो शोधून नोंदवहीत नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची आणि डबा होता तस्साच परत लपवायचा. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्यामुळे साधी यंत्रंसुद्धा एका रात्रीत कितीतरी अचूक झाली. लगेच ३ मे २००० ला डेव्ह उल्मर या माणसाने ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. तिथून हे सुरू झालं. भारतातही डबे आहेत. ॲपवर साताऱ्याच्या आसपासचा नकाशा उघडून बघा.

तळ्याकाठची (रविवार, दुपारी)

गोदाकाठ, थांबू नका. मी मूळची चिपळूणची, सेंट पॉलला कोमो तळ्याजवळ राहते आणि माझा इथला हा चौदावा हिवाळा आहे. पहिला हिवाळा मी घरात बसून काढला. दुसऱ्या हिवाळ्यात डबे शोधायला बाहेर पडले आणि त्यानंतर मला इथल्या थंडीची भीती वाटली नाही. म्हणून तुमच्या लेकीचं “एप्रिलमध्ये बघू” वाचल्यावर हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. लांबेल, वाचून घ्या.

तुमची चूक झाली ती घरी झाली, पार्कात नाही. तुम्ही उन्हाळ्यासारखे गेलात, म्हणजे जवळचा डबा बघितला आणि निघालात. हिवाळ्यात अर्धं शोधणं घरी टेबलापाशी बसून होतं.

साधा हिशोब करा. फोनच्या जीपीएसची चूक पाच मीटर धरली, तर शोधायची जागा झाली ७८ चौरस मीटर. त्यावर ४५ सेंटीमीटर स्नो, म्हणजे ३५ घनमीटर. आपली दहा बाय बाराची खोली जमिनीपासून छतापर्यंत भरेल एवढा स्नो, आणि त्यात तुम्ही मुठीएवढी डबी शोधताय. फावडं घेऊन जाल तरी हेच. शिवाय स्नो एकदा उकरून बाजूला टाकला की तो तासाभरात घट्ट बसतो. दुसऱ्या दिवशी तिथे येणाऱ्याला दगडासारखा ढीग लागतो. डबा सहसा जमिनीत पुरलेला नसतो, त्यामुळे मातीपर्यंत पोचलात आणि काही लागलं नाही तर तिथे खोल जाण्यात काही अर्थच नाही.

मग निवडायचा कोणता? डब्याच्या पानावर खुणांची चित्रं असतात. त्यात हिमकणाचं चित्र असेल तर तो हिवाळ्यात सापडण्यासारखा आहे, असं ठेवणाऱ्याचं म्हणणं असतं. पण त्यावर विसंबू नका, बरेच जण ती खूण लावायचीच विसरतात. मी पानावरच्या, शोधून गेलेल्यांनी लिहिलेल्या जुन्या नोंदी वाचते. खाली खाली जात जानेवारी, फेब्रुवारी, मार्च या महिन्यांच्या नोंदी शोधायच्या. त्यातही कुठल्या वर्षाची नोंद आहे ते बघा, हे महत्त्वाचं आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात आपल्याकडे विमानतळावरच्या मोजणीत ९०.३ इंच, म्हणजे जवळजवळ २ मीटर ३० सेंटीमीटर स्नो पडला. त्याच्या पुढचाच हिवाळा इतका उबदार गेला की लोक जानेवारीत जमिनीवरचा पाला बाजूला करून डबे शोधत होते. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये कुणी “सहज सापडला” लिहिलं असेल तर त्यावरून काही ठरवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये कुणी सही करून गेलं असेल तर डोळे मिटून निघा. तो डबा उंचावर आहे.

आणि सगळं उंचीवर अवलंबून आहे. “झाडाच्या बुंध्याशी”, “लाकडाखाली”, “दगडाआड” असा ठेवणाऱ्याने पानावर दिलेला इशारा (हिंट) असेल तर तो सरळ मार्चनंतरच्या यादीत टाका. “छातीच्या उंचीवर”, “फांदीला”, “बेचक्यात”, “पुलाच्या कठड्याखाली” असं असेल तर आत्ताच्या यादीत. इशारा आधी वाचला तर मजा जाते असं काहींना वाटतं. उन्हाळ्यात मलाही वाटतं. उणे पंधराला मूल सोबत असताना इशारा घरूनच वाचून जायचा. फोटो असतील तर तेही बघून घ्यायचे. एक गोष्ट मात्र तिथे पोचल्यावरच लक्षात येते: तुम्ही स्वतः दोन फूट वर उभे असता. पानावर “डोक्याच्या उंचीवर” लिहिलेली डबी स्नोशूज (पाय रुतू नयेत म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून उभं राहिल्यावर पोटाशी येते. स्नोच्या वजनाने सदाहरित झाडांच्या फांद्याही खाली वाकलेल्या असतात. माझा नवरा एकदा वर मान करून पंधरा मिनिटं शोधत होता आणि डबा म्हणून टांगलेली नळी त्याच्या कोपराला लागून हलत होती.

बाणाबद्दल. शेवटच्या दहा मीटरमध्ये फोनकडे बघणं बंद करा. तुम्ही चालत असता तोवर दिशा बरी दाखवतो, उभे राहिलात की तो भरकटतो. मी वीसेक मीटरवरून दोन वेगवेगळ्या बाजूंनी सरळ चालत येते आणि त्या दोन रेषा कुठे मिळतात ते बघते. तिथल्या जागांपैकी मी डबा कुठे ठेवला असता, एवढंच मग डोक्यात ठेवायचं. आकड्यांत सांगायचं तर आपल्या ४५ अंश अक्षांशावर मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण १.३ मीटर होतो. म्हणजे शेवटचा आकडा तीन-चारने हलला तरी तुम्ही जागेवरच आहात.

फोन. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, लागेल तेवढा विजेचा दाब (व्होल्टेज) मिळत नाही आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. तुमचा चार्ज संपला नव्हता. घरी येऊन ऊब लागल्यावर टक्के परत दिसले असतील, बघा आठवून. फोन बाहेरच्या खिशात ठेवायचा नाही, स्वेटरच्या आत अंगाला लागून ठेवायचा. नकाशा आणि डब्याचं पान घरीच उतरवून घ्या आणि फोन विमान-मोडवर टाका. जीपीएस तरीही चालतं. माझ्याकडे जुनं हातातलं जीपीएस यंत्र आहे, त्यात मी साधे अल्कलाइन सेल न घालता लिथियमचे पेन्सिल सेल घालते. ते उणे तीस-चाळीसलाही दगा देत नाहीत. आणि बॉलपेन घरी ठेवा, शाई गोठते. शिसपेन्सिल न्या, दोन न्या.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात मला एक डबा सापडला. चारी बाजूंनी खटके लागणारा, आपण फोडणीचं साहित्य ठेवायला वापरतो तसला. झाकणाभोवती बर्फाची पातळ कडा जमली होती. हात गारठलेले, नवरा गाडीत थांबलेला, मी घाईत होते. खटका उघडेना म्हणून गाडीची किल्ली घालून उचकटला. काड्कन आवाज झाला आणि खटक्याची बिजागरी तुटून स्नोत पडली. थंडीत प्लॅस्टिक काचेसारखं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सही केली, झाकण दाबून बसवलं, तीन खटके लागले ते लागले म्हणून समाधान मानलं आणि आले. नोंद करताना “सापडला, धन्यवाद” एवढंच लिहिलं. तुटल्याचं लिहिलं नाही.

एप्रिलमध्ये स्नो वितळला तेव्हा ते पाणी त्या एका बाजूने आत गेलं. ठेवणाऱ्या बाईंनी मे महिन्यात पानावर फोटो टाकला होता. सात वर्षांची नोंदवही, तिचा काळा लगदा. त्यांच्या मुलाने लहानपणी केलेली पहिली सही त्यात होती, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. मी त्यांना पत्र लिहून सांगितलं की ते माझ्या हातून झालं. त्यांनी नवा डबा ठेवला आणि मला साधं, नीट उत्तरही दिलं. पण ती वही काही परत आली नाही. आज अकरा वर्षं झाली तरी गोठलेला डबा हातात आला की मला तो फोटो आठवतो.

म्हणून लेकीला हे पहिल्यापासून शिकवा. डबा उघडत नसेल तर हातमोज्यांसकट जॅकेटच्या आत, काखेत धरायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. हात गरम करायच्या पुड्या मिळतात ना, लोखंडाच्या भुकटीच्या, हवा लागली की तापणाऱ्या, त्यातली एक झाकणाच्या कडेवर धरायची. कडा सुटते. किल्ली, सुरी, दगड काही लावायचं नाही. उघडल्यावर झाकण उलटं करून स्नोवर ठेवायचं नाही, कारण झाकणाच्या खाचेत चार कण गेले तरी ते तिथे गोठतात आणि झाकण परत बसत नाही. त्या खाचेत कुकरच्या झाकणाला असते तशी रबरी रिंग असते. ती कोरड्या फडक्याने पुसायची, बोटाने गोल फिरवून जागेवर बसली का बघायचं, आणि मगच खटके लावायचे. मी पाकिटात जुन्या सुती ओढणीचा तुकडा ठेवते, केवळ त्यासाठी. वही ओली असेल तर कोरडा कागद छोट्या पिशवीत घालून आत ठेवायचा आणि नोंदीत स्पष्ट लिहायचं की आत ओल आहे. काही तुटलं असेल तर तेही लिहायचं, आपल्या हातून तुटलेलं आधी.

पावलांचंही सांगते. स्नोत तुमची पाऊलवाट थेट डब्यापाशी जाते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा फिरवायला आलेला कुणीही ती वाचू शकतो. मी डब्यापाशी थांबून झालं की पुढे आणखी दोन-तीन झाडांपर्यंत चालते, तिथेही थोडी घुटमळते आणि मग परत फिरते. लेकीला हे काम द्या, मुलांना ते फार आवडतं. स्कीच्या वाटांवर मात्र चालायचं नाही. यंत्राने आखलेल्या दोन समांतर खाचा दिसल्या की ती वाट स्कीवाल्यांची. त्यात पडलेलं बुटाचं भोक गोठलं की पुढच्याचा पाय मुरगळतो.

मुलीसाठी: तापमान बघू नका, वाऱ्यासकटचं तापमान बघा. उणे १८ सेल्सिअस आणि ताशी २४ किलोमीटर वारा असेल तर ते अंगाला उणे २८ लागतं, आणि तिथे उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. माझा नियम वाऱ्यासकट उणे १५ पर्यंतच मुलं बाहेर, आणि गाडीपासून पाऊण तासाच्या वर नाही. जीन्स नको, ती भिजते आणि लाकडासारखी होते. बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा अंगठा सोडून सगळी बोटं एकत्र राहतात ते मिटन बरे. डिसेंबर-जानेवारीत साडेचार-पाचला सूर्य मावळतो, तेव्हा जेवण करून निवांत निघू असं करू नका. सकाळी निघा.

उत्तरकिनारा (रविवार, रात्री)

मी इथून उत्तरेला, मिनेसोटातच डुलुथला आहे. तळ्याकाठची यांच्याशी जवळपास सगळ्यात सहमत, फक्त एक भर घालतो: लांब सळई किंवा ट्रेकिंगची काठी असेल तर स्नोत टोचत गेलं की उकरावं लागत नाही. लाकूड लागलं तर वेगळा आवाज, डबा लागला तर वेगळा.

पण मी लिहायला आलो ते दुसऱ्याच कारणाने. हिवाळ्यात असे डबे मिळतात जे उन्हाळ्यात मिळतच नाहीत. तळ्यातल्या बेटांवरचे. उन्हाळ्यात तिथे होडी लागते म्हणून त्यांना वाटेच्या कठीणपणाचे पाच पैकी पाच दिलेले असतात. जानेवारीत तिथे चालत जाता येतं. तसंच टॅमॅरॅकच्या (दलदलीत वाढणारं एक सूचिपर्णी झाड) दलदलीतले. एरवी गुडघाभर चिखल आणि डास असतात, आत्ता ती जमीन टणक आहे. गोदाकाठ, तुमच्या मुलीला बेटावर चालत नेलंत तर ती जन्मभर विसरणार नाही.

आपण मराठीत वरून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि तळं गोठतं त्यालाही बर्फच. इथे आल्यावर मी घरात मुलांसाठी दोन शब्द पक्के केले, स्नो आणि आइस, कारण या दोन्हींची गल्लत जिवावर बेतू शकते. स्नो हे पांघरूण आहे. तळ्यावर लवकर जाड स्नो पडला तर खालचं आइस नीट जमतच नाही, थंडी आत पोचत नाही. वरून सगळं पांढरंशुभ्र आणि भक्कम दिसतं.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा आकडा असा: माणसाने चालायला किमान ४ इंच नवं, स्वच्छ आइस हवं. दुधाळ पांढरं आइस असेल तर त्याची ताकद साधारण निम्मी धरायची, म्हणजे दुप्पट जाडी हवी. आणि ती एका जागी मोजून भागत नाही, जाता जाता मोजत जायचं. मी मासेमारीसाठी जातो तेव्हा हातात पहारीसारखा लोखंडी दांडा असतो, तो पुढे आपटत चालतो. गळ्यात दोन टोचे असतात, पडलोच तर त्यांनी आइसला धरून वर येण्यासाठी. अंगात तरंगायचं जॅकेट. झरा, ओढा येऊन मिळतो ती जागा, पुलाखालची जागा, धक्क्याजवळ पाणी खेळतं ठेवायला हवेचे बुडबुडे सोडतात ती जागा, इथून लांब राहायचं. नदीवर मी कधीच जात नाही. मिसिसिपी कितीही गोठलेली दिसो.

तळ्याकाठची (सोमवार, सकाळी)

उत्तरकिनारा, आइसबद्दल अगदी खरं, आणि इतकं नीट लिहिल्याबद्दल आभार. पण या वर्षी गोदाकाठ यांनी लेकीला बेटावर नेऊ नये असं मला वाटतं. त्यांचा पहिलाच हिवाळा आहे. आइस वाचायला डोळा तयार व्हावा लागतो आणि तो तुमच्यासारख्या कुणाबरोबर दोन-तीनदा गेल्याशिवाय होत नाही.

सळईशी मात्र मी सहमत नाही. मी टोचून भोक पडलेले दोन डबे पाहिले आहेत. काठी वापराच, पण टोकावरची रबरी टोपी काढू नका आणि वरून दाबू नका. बाजूने, जमिनीला समांतर हळू फिरवा.

गोदाकाठ, तुमच्या भागातले आठ डबे मी काल रात्री नोंदी वाचून वेगळे काढले, यादी तुम्हाला निरोपात पाठवली आहे. पहिला करा तो तिसऱ्या क्रमांकाचा. लष्करी गोळ्यांची जुनी लोखंडी पेटी आहे, जाड रबराची, पाणी सहसा जात नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यात चार सह्या झाल्या आहेत. आणि संक्रांत नुकतीच झाली आहे म्हणून सांगून ठेवते, डब्यात तिळगूळ किंवा कुठलंही खाणं ठेवायचं नाही. खारी आणि रॅकून वास काढत येतात आणि डबा कुरतडून ठेवतात.

गोदाकाठ (पुढचा शनिवार, दुपारी)

ताई, सापडला!

सकाळी साडेनऊला निघालो. वाऱ्यासकट उणे ११. स्नोशूज भाड्याने घेतले. लेकीला पहिली दहा मिनिटं पाय फाकवून चालायचं जमेना, मग ती माझ्या पुढे गेली. फोन माझ्या स्वेटरच्या आत होता, शेवटपर्यंत ६० टक्क्यांच्या खाली गेला नाही. वीस मीटरवरून आम्ही दोन बाजूंनी आलो, ती एकीकडून आणि मी दुसरीकडून, आणि तीन बुंध्यांच्या एका मेपलपाशी आमची गाठ पडली. बेचका पानावर “खांद्याच्या उंचीवर” लिहिला होता, तिथे माझ्या कमरेशी होता आणि वरून टोपीसारखा स्नो साचला होता. तिने मिटनने तो अलगद झाडला. खाली हिरवा रंग दिसला.

कडी घट्ट होती. मी हात पुढे केला तर म्हणाली, “बाबा, पाच मिनिटं.” पुडी कडीवर धरून ती मोठ्याने आकडे मोजत उभी राहिली. दोनशे साठला कडी सुटली. आत सगळं कोरडं ठणठणीत होतं. तिच्या आधीची शेवटची सही ११ ऑक्टोबरची होती, म्हणजे तीन महिन्यांत तिथे कुणी पोचलंच नव्हतं. तिने पेन्सिलने नाव लिहिलं, देवनागरीतच. आतला छोटा होकायंत्राचा बिल्ला घेतला आणि नाशिकहून आणलेल्या दोन लाकडी भोवऱ्यांतला एक ठेवला. कोणता ठेवायचा हे ठरवायला तिला गुरुवारपासून वेळ लागला होता, लाल ठेवला. मग रिंग पुसली. आईच्या जुन्या साडीचा तुकडा नेला होता.

खोट्या वाटा तिने पाच केल्या. मला दोनच पुरेशा वाटत होत्या.

भिंतीवरच्या कागदावर बेचाळिसावी रेघ ओढून झाली आहे. आता ती ताईंची यादी घेऊन माझ्या शेजारी बसली आहे आणि पाचव्या क्रमांकाच्या डब्याच्या मार्चमधल्या नोंदी वाचते आहे. उत्तरकिनारा, बेटाचं तिने वाचलं आहे. पुढच्या वर्षी डुलुथला आलो तर तुम्ही तो लोखंडी दांडा घेऊन आमच्याबरोबर याल का, असं तिने विचारायला सांगितलं आहे.